ईश्वराची महत्ता आणि माणसाचे माप : इस्लामी चिंतनाची एक दख्खनी वाट

इस्लाममधील ईश्वरकल्पनेविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्यात एक समज वारंवार डोकावतो. हा ईश्वर इतका थोर, इतका सर्वशक्तिमान आणि सृष्टीपासून इतका वेगळा आहे, की त्याच्यापुढे माणसाला भय बाळगण्यावाचून दुसरे काही करता येत नाही, आणि भक्तीचा ओलावा सूफींनी मागाहून, बहुधा भारतातून उसना घेऊन, त्यात कालवला, असा तो समज होय. तो सोयीचा आहे. कारण त्यामुळे सूफी 'आपले' ठरतात आणि बाकीचा इस्लाम परका ठरवायला मोकळीक मिळते. ग्रंथ आणि आचार या दोन्ही कसोट्या लावल्या तर मात्र तो टिकत नाही. ईश्वराच्या थोरवीचे मनन ही इस्लामी अध्यात्मातली मूळचीच साधना आहे, तिचा रोख माणसाने स्वतःला लावून घेतलेल्या फुगीर मापावर आहे, आणि सोलापूरच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर असलेल्या विजापूरच्या परिसरात ही साधना मदरशाची पायरी उतरून जात्यापर्यंत आणि चरख्यापर्यंत कशी पोहोचली, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

या विचाराचा पाया 'तौहीद' म्हणजे ईश्वराचे एकमेवाद्वितीयत्व हा आहे. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायातील २५५ वी आयत 'आयतुल कुर्सी' या नावाने घरोघर पाठ असते. प्रवासाला निघताना, झोपण्यापूर्वी, आजाऱ्याच्या उशाशी ती म्हटली जाते. तिच्यात ईश्वराचे वर्णन करताना त्याला डुलकी वा झोप येत नाही, त्याच्या आसनाने आकाश आणि पृथ्वी व्यापली आहे, आणि या साऱ्याचा सांभाळ करताना त्याला थकवा येत नाही, असे सांगितले आहे. विश्वाचा अफाट विस्तार डोळ्यांपुढे उभा करणारी ही आयत आजाऱ्याच्या उशाशी का म्हणावी, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. जो थकत नाही त्याच्यावर भार टाकता येतो, हे त्याचे उत्तर. म्हणजे इथे महत्ता हाच आधार झाला आहे. त्याच कुरआनच्या पन्नासाव्या अध्यायात ईश्वर माणसाला त्याच्या मानेच्या शिरेपेक्षाही जवळ असल्याचे म्हटले आहे. पुढच्या काळातील तत्त्वचिंतकांनी या दोन टोकांना नावे दिली. ईश्वर कोणत्याही उपमेपलीकडे आहे, असे मानून त्याला सृष्टीच्या गुणधर्मांपासून अलिप्त ठेवणे म्हणजे 'तन्झीह', आणि माणसाला समजतील अशा गुणांनी त्याचे वर्णन करणे म्हणजे 'तश्बीह'. बेचाळिसाव्या अध्यायातील अकराव्या आयतीत ही दोन्ही टोके एकाच दमात येतात. त्याच्यासारखे दुसरे काहीच नाही असे सांगून वाक्य संपण्यापूर्वीच तो ऐकणारा आणि पाहणारा आहे, असेही सांगितले जाते. तेराव्या शतकातील इब्न अरबी याने या एका आयतीवर आपल्या दर्शनाचा मोठा डोलारा उभारला, आणि सूफींनी त्याच जोडीला 'जलाल' म्हणजे दरारा उत्पन्न करणारे तेज व 'जमाल' म्हणजे ओढ लावणारे सौंदर्य, असे आणखी एक रूप दिले. यात भारतातून उसने आणलेले काही नाही.

तत्त्वचर्चा विद्वानांसाठी असते. सामान्य मुसलमानाला महत्तेचा विचार भेटतो तो नमाजात. ईश्वर अधिक थोर आहे, असे म्हणण्याला 'तक्बीर' ही संज्ञा आहे, आणि तिच्यात कोणापेक्षा अधिक थोर हे सांगितलेले नसते, म्हणून मनात जे येईल त्यापेक्षा, असा अर्थ भाष्यकारांनी केला. घोषणा म्हणून, विशेषतः चित्रपटांतून आणि वृत्तवाहिन्यांवरून, हे शब्द ज्या आवेशात कानी पडतात, त्याचा आणि त्यांच्या नित्याच्या वापराचा फारसा संबंध नाही. दिवसातील पाच नमाजांच्या सतरा अनिवार्य रकातींत (रकात म्हणजे उभे राहणे, वाकणे आणि दोनदा माथा टेकणे यांचे एक आवर्तन) हे शब्द एकूण ९४ वेळा उच्चारले जातात. पहाटेच्या दोन रकातींत ११, दुपारच्या, तिसऱ्या प्रहराच्या आणि रात्रीच्या चार-चार रकातींत प्रत्येकी २२, आणि सूर्यास्तानंतरच्या तीन रकातींत १७. बहुतेक वेळा ते हळू आवाजात, एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना, म्हणजे शरीर हलत असताना म्हटले जातात. कमरेतून वाकल्यावर, म्हणजे 'रुकू'मध्ये, ईश्वर थोर असल्याचे म्हणायचे आणि कपाळ व नाक जमिनीला टेकल्यावर, म्हणजे 'सजदा'मध्ये, तो सर्वांत उंच असल्याचे म्हणायचे, अशी योजना आहे. माणूस सर्वांत खाली असतो तेव्हाच त्याच्या तोंडी उंचीचा शब्द येतो. बकरी ईदच्या सुमारास, जिल्हेज महिन्याच्या नवव्या तारखेच्या पहाटेपासून तेराव्या तारखेच्या तिसऱ्या प्रहरापर्यंत सलग २३ नमाजांनंतर तक्बीर मोठ्याने म्हणण्याचा प्रघात हनफी पंथात आहे, आणि हे दिवस हजच्या यात्रेचे असल्याने मक्केत जमलेला समुदाय व आपल्या गल्लीच्या मशिदीतला नमाजी हे एकाच उच्चाराने जोडले जातात.

या साऱ्या शारीरिक आचाराचा रोख कोणाकडे आहे, हे 'किब्र' या संकल्पनेवरून कळते. किब्र म्हणजे मोठेपणाचा ताठा. पैगंबरांच्या एका प्रसिद्ध हदीसमध्ये (हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेने जपलेली नोंद) किब्रची व्याख्या दोन गोष्टींनी केली आहे : सत्य समोर आले तरी ते नाकारणे, आणि इतर माणसांना तुच्छ लेखणे. हा प्रश्न एकाने चांगले कपडे आणि चांगली पादत्राणे आवडणे हा ताठा ठरतो का, अशा शंकेतून निघाला होता, आणि ईश्वर सुंदर असून त्याला सौंदर्य आवडते, असे उत्तर देऊन मगच ही व्याख्या सांगितली गेली. म्हणजे ताठ्याचा संबंध अंगावरच्या कपड्याशी नाही. तरीही कपड्याचीच प्रतिमा दुसऱ्या एका 'हदीसे कुद्सी'त, म्हणजे ज्यातील आशय ईश्वराचा आणि शब्द पैगंबरांचे मानले जातात अशा हदीसमध्ये, वापरली आहे : मोठेपणा हा ईश्वराचा 'रिदा' आहे आणि महत्ता हा त्याचा 'इजार' आहे, आणि या दोहोंवर हात टाकणाऱ्याची गय होत नाही. रिदा म्हणजे खांद्यावरून पांघरायचे न शिवलेले वस्त्र, आणि इजार म्हणजे कमरेला गुंडाळायचे. हजच्या वेळी पुरुष यात्रेकरू नेमकी हीच दोन वस्त्रे नेसतात. ज्या शहराचे नाव देशभर चादरीमुळे ओळखले जाते, तिथल्या श्रोत्यांना ही प्रतिमा उलगडून सांगण्याची गरज नाही. चादर एकाच्या अंगावर असते. तिच्यात दुसऱ्याने शिरू पाहणे हा आगाऊपणा, आणि ज्याची ती चादर त्याचा तो अपमान. माणूस मोठेपणा मिरवतो तेव्हा तो दुसऱ्याचे वस्त्र ओढून घेत असतो, हा या हदीसचा अर्थ नीतीच्या साध्या उपदेशापेक्षा कितीतरी अधिक टोकदार आहे.

अबू हामिद गझाली (१०५८–११११) याने ईश्वराच्या नव्याण्णव नावांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्यात प्रत्येक नावातून माणसाच्या वाट्याला काय येते याचा विचार केला. दयाळू, क्षमाशील, न्यायी या नावांबाबत हा वाटा सहज सांगता येतो. त्या गुणांचा काही अंश माणसाने अंगी बाणवावा. 'अल-मुतकब्बिर' म्हणजे ज्याला मोठेपणा शोभतो तो, या नावाजवळ मात्र पेच पडतो, कारण हे वस्त्र पांघरण्याला बंदी आहे. ऐहिक लोभाला आणि वासनांना क्षुद्र मानणे एवढाच मोठेपणा गझाली माणसाकडे राहू देतो. बगदादच्या निजामिया मदरशातले मानाचे अध्यापकपद १०९५ मध्ये सोडून बाहेर पडलेल्या विद्वानाने हे लिहावे, याला वेगळे वजन आहे.

याच गझालीच्या 'इह्या उलूमुद्दीन' या चाळीस प्रकरणांच्या महाग्रंथातील एकोणचाळिसावे प्रकरण 'तफक्कुर' म्हणजे मनन या विषयाला वाहिलेले आहे. ईश्वराच्या सत्तास्वरूपावर मनन करू नये, त्याच्या निर्मितीवर करावे, हा जुना दंडक तो आरंभीच स्वीकारतो. वटवाघळाच्या डोळ्यांना सूर्य जसा पेलत नाही तसे ते स्वरूप माणसाच्या बुद्धीला पेलत नाही, असे त्याचे म्हणणे. मग तो निर्मितीकडे वळतो, आणि वाचकाच्या अपेक्षेप्रमाणे आकाशापासून आरंभ न करता थेंबभर रेतापासून घडलेल्या मानवी देहापासून करतो. हाडे, स्नायू, डोळ्यांचे थर यांवरून तो जमीन, खनिजे, वनस्पती, प्राणी, समुद्र, हवा असा वर चढत जातो आणि शेवटी ताऱ्यांपाशी येतो. या प्रवासात कोळ्याचे जे वर्णन आहे ते सोलापूरकरांनी मुद्दाम वाचावे असे आहे. कोळी आधी हातभर वा त्याहून कमी अंतराची दोन टोके शोधतो, एका बाजूला धागा चिकटवून दुसऱ्या बाजूला जातो, पुन्हा मागे येतो, धाग्यांमधले अंतर सारखे राखतो, आणि अशा रीतीने ताणा पुरा झाल्यावर मगच बाणा घालायला घेतो. उभे आणि आडवे सूत जिथे छेदते तिथे गाठ मारतो, आणि मग कोपऱ्यात दबा धरून बसतो. ताणा आणि बाणा यांसाठी गझाली विणकरांचेच शब्द वापरतो. त्याचे मूळ कुलनामच सूतकाम करणाऱ्याशी जोडणारी एक परंपरा आहे, ती खरी की खोटी यावर पंडितांचे एकमत नाही. पण हे वर्णन मागाजवळ उभे राहून पाहणाऱ्याचे आहे, यात शंका वाटत नाही. कुरआनच्या एकोणतिसाव्या अध्यायात कोळ्याचे घर हे सर्वांत कच्च्या घराचे उदाहरण म्हणून येते. गझाली त्याच कच्च्या घरात कौशल्य पाहतो, आणि एवढ्याशा जिवाला हे शिकवले कोणी, हा प्रश्न वाचकापुढे ठेवतो. थोरवीच्या मननासाठी हिमालयच हवा असे नाही, हा त्याच्या पद्धतीचा गाभा आहे. उलट प्रचंड गोष्टी पाहून माणूस दिपतो आणि थोड्याच वेळात विसरतो. बारीक गोष्ट पाहायची तर थांबावे लागते.

दख्खनमध्ये हा विचार चिश्ती परंपरेच्या सूफींबरोबर आला. खुलदाबादला विसावलेले बुऱ्हानुद्दीन गरीब हे चौदाव्या शतकातले त्यांचे अग्रदूत. तैमूरच्या स्वारीच्या सुमारास दिल्ली सोडून गुलबर्ग्याला आलेले सय्यद मुहंमद गेसूदराज (निधन १४२२) यांच्यामुळे तो बहमनी राज्यात स्थिरावला. गेसूदराजांच्या शिष्यपरंपरेत विजापूरचे मीरांजी शम्सुल उश्शाक, त्यांचे पुत्र बुऱ्हानुद्दीन जानम आणि नातू अमीनुद्दीन आला (निधन १६७५) हे तीन पिढ्यांचे घराणे येते; विजापूरबाहेरच्या शाहपूर टेकडीवरचा त्यांचा दर्गा आजही गजबजलेला असतो. या घराण्याने एक निर्णय घेतला, ज्याचे महत्त्व मराठी वाचकाला ज्ञानेश्वरीच्या संदर्भात लगेच उमगेल. ज्यांना अरबी-फारसी येत नाही त्यांच्यासाठी त्यांनी दख्खनीत, म्हणजे त्यांच्या शब्दांत 'हिंदी'त, लिहिले, आणि भाषा हलकी असली तरी अर्थ पाहावा, अशी बाजू मीरांजी आणि जानम या दोघांनीही आपापल्या रचनांत मांडली. ही दख्खनी सोलापूरच्या मोहल्ल्यांतून आजही बोलली जाते. मराठीतला 'नको' तिने 'नक्को' म्हणून घेतला आणि मराठीतला जोर देणारा 'च'ही उचलला. दरबारात याच काळात निराळ्याच मोठेपणाची बांधकामे चालू होती. मुहंमद आदिलशाहाच्या (निधन १६५६) गोल घुमटाखाली उभे राहणारा माणूस राजाच्या थोरवीने दबतो, हे मान्य करावे लागेल; त्यापेक्षा थोड्या आधीच्या इब्राहिम रौजाच्या खिडक्यांवरचे कोरीव काम या व्याख्यानाच्या विषयाला अधिक जवळचे आहे, कारण तिथे अक्षरेच जाळीसारखी कोरलेली आहेत आणि त्यांच्यामधल्या फटींतून उजेड आत येतो.

जानम-अमीनुद्दीन यांच्या काळात आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांत चिश्ती वर्तुळातील कवींनी 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' या नावांच्या रचना केल्या. चक्कीनामा म्हणजे दळताना म्हणायचे गीत, आणि चरखानामा म्हणजे सूत कातताना म्हणायचे. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात या गीतांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यांचा गाभा 'जिक्र' हा आहे. जिक्र म्हणजे ईश्वराच्या नामाचे स्मरण, ठरावीक शब्द ठरावीक लयीत उच्चारून केलेले. चक्कीनाम्यात जात्याचा उभा खुंटा म्हणजे अरबी वर्णमालेतील पहिले अक्षर 'अलिफ', जे उभ्या रेघेसारखे असते आणि ज्याने अल्लाह हा शब्द सुरू होतो. दोन तळ्यांना जोडणारी मधली खीळ म्हणजे पैगंबर. वरची तळी फिरते, खीळ जागची हलत नाही, आणि दळणाऱ्या हाताने धरलेला असतो तो अलिफ. दाणे घालणाऱ्या हातांना साक्षी ठेवले जाते, देह हीही एक चक्कीच असून धर्मनियमांनी ती नीट चालते, असे सांगितले जाते, आणि प्रत्येक कडव्यानंतर नामाचा पालुपदासारखा उच्चार येतो. जात्याची फेरी आणि पालुपद यांची लय जुळवलेली असते.

चरखानाम्याची रचना याहून काटेकोर आहे. सूफी साधनेत जिक्राच्या पायऱ्या असतात : मोठ्याने म्हणायचा 'जिक्रे जली', हृदयात चालणारा 'जिक्रे कल्बी', आणि प्रत्यक्ष दर्शनाच्या अवस्थेतला 'जिक्रे ऐनी'. खानकाहमध्ये, म्हणजे सूफींच्या निवासस्थानात, या पायऱ्या गुरूच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे शिकवल्या जात. चरखानामा त्या कापसाच्या कामाला जोडतो. कापूस हाती घेताना पहिला जिक्र, तो पिंजून मोकळा करताना दुसरा, आणि सूत गुंडाळताना तिसरा. श्वास पोटातून छातीत आणि छातीतून गळ्यात येतो तो जणू धागाच. हे श्वासाचे धागे एकेक करून मोजावेत, दिवसरात्र मोजावेत, त्यांची संख्या चोवीस हजारांवर जावी, आणि मग ते सूत आपल्या पीराला, म्हणजे गुरूला, भेट द्यावे. गाणे एका 'बहिणी'ला उद्देशून आहे.

वाङ्मय म्हणून या रचनांचा दर्जा फार उंच आहे असे म्हणता येणार नाही. रूपके कित्येकदा ओढूनताणून आणलेली आहेत, आणि शिकवण्याची घाई लपत नाही. शिवाय त्या पुरुषांनी स्त्रियांसाठी लिहिल्या आहेत. दळणारीचा स्वतःचा आवाज त्यांत नाही. मराठीतल्या जात्यावरच्या ओव्यांशी त्यांची तुलना करू गेल्यास हे पटकन लक्षात येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे, आणि त्यांत सासर, माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल हे सारे बाईच्या तोंडून येतात. चक्कीनाम्यात बाई ऐकणारी आहे. पण साधनेचा विचार म्हणून पाहिले तर या रचना धाडसाच्या आहेत. गझालीने कोळ्याकडे पाहायला सांगितले होते, तेही फुरसत असणाऱ्या वाचकाला. विजापूरच्या कवींनी जिला फुरसतच नाही तिच्या हातातल्या कामालाच मननाचे साधन केले. पहाटे उठून दोन पायली दळणाऱ्या बाईने नमाजापलीकडे वेगळा वेळ काढून एकांतात बसावे, अशी अपेक्षा त्यांनी ठेवली नाही. ईटन यांचे म्हणणे असे, की या गीतांमागे धर्मांतर घडवण्याचा हेतू शोधणे चुकीचे ठरेल. दर्ग्याशी नाते असलेल्या घरांतून ती पसरली, आईच्या मांडीवर पडलेल्या मुलाच्या कानावर गेली, आणि त्यातून पिढ्यांच्या ओघात इस्लामी कल्पना लोकजीवनात मुरत गेल्या. हे पटण्यासारखे आहे, मात्र त्यामुळे गीतांचे मोल केवळ प्रसाराच्या साधनापुरते उरत नाही. श्रमालाच पूजा मानणारा विचार या भूमीत तेव्हा नवा नव्हता. तलाव खोदणारे सोन्नलिगीचे, म्हणजे आजच्या सोलापूरचे, सिद्धराम आणि कल्याणचे शरण यांनी 'कायक' या नावाने तो बाराव्या शतकातच मांडला होता. चरखा आणि माग यांवर पोट असलेल्या साळी, कोष्टी, पद्मशाली आणि मोमीन कुटुंबांच्या सोलापुरात तर या रूपकांना समजावणी लागली नसती.

मराठीत ईश्वराच्या महत्तेचा हा विचार शेख महंमद श्रीगोंदेकर यांच्या रूपाने येतो. मालोजी भोसले यांचे गुरू म्हणून ते इतिहासाला ठाऊक आहेत, आणि चांद बोधले यांच्याकडून त्यांना उपदेश मिळाला. १६४५ साली पूर्ण झालेला 'योगसंग्राम' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ नावाप्रमाणेच आतल्या लढाईचा आहे. जीव विकारांशी आणि अहंकाराशी युद्ध करतो. सूफी परिभाषेत 'नफ्स' म्हणजे खालच्या ओढीचे मन, आणि त्याच्याशी झगडणे ही मोठी लढाई. ओवीबद्ध मराठीत तीच लढाई वेगळ्या शस्त्रास्त्रांनी लढलेली दिसते. शेख महंमदांचे वर्णन बहुधा 'मुसलमान असूनही' या शब्दांनी सुरू होते, आणि इथे या अभ्यासाची एक जुनी खोड उघडी पडते. त्यांच्या ग्रंथातले पुराणकथांचे संदर्भ, गुरुभक्ती, विठ्ठल यांची नोंद आवर्जून घेतली जाते. पण अव्यक्त ईश्वराविषयीचा त्यांचा आग्रह, कोणत्याही आकारात त्याला कोंडण्याविषयीची त्यांची नाखुशी, देवळातल्या आणि दर्ग्यातल्या अशा दोन्हीकडच्या दिखाऊ कर्मकांडावरचा त्यांचा राग, हे तौहीदच्या संस्कारातून आलेले असू शकते, याकडे दुर्लक्ष होते. संताचे कौतुक करताना तो जितका आपल्यासारखा तितकाच मोठा, असे मोजले जाते. करमाळ्यात जन्मलेले डॉ. यू. म. पठाण यांनी मुसलमान सूफी संतांच्या मराठी साहित्याचा स्वतंत्र अभ्यास करून, आणि सोलापूरच्या संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवलेले प्रा. फकरुद्दीन बेन्नूर (१९३८–२०१८) यांनी सूफी संप्रदायावरील आपल्या ग्रंथातून, या कवींना त्यांच्या दोन्ही वारशांसह वाचण्याची दिशा दाखवली. मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन १९९० साली सोलापुरातच भरले होते, हे या संदर्भात सहज आठवते.

दोन वारशांमध्ये देवाणघेवाण नेमकी कशाची झाली, हे अधिक बारकाईने पाहायला हवे. चरखानाम्यातील चोवीस हजार श्वासांची मोजणी नाथपंथी परंपरेतल्या अजपाजपाशी, म्हणजे दिवसरात्रीच्या एकवीस हजार सहाशे श्वासांबरोबर आपोआप चालणाऱ्या जपाशी, भिडवून पाहिली तर नाते उघड दिसते. आकडा वेगळा आहे, पण श्वास मोजून त्याचा जप करण्याची रीत एकच आहे. शेख महंमदांचा 'पवनविजय' हाही श्वासाच्याच शास्त्राविषयीचा ग्रंथ आहे. बिदरच्या बहमनी घराण्याशी परंपरेने जोडले जाणारे शाह मुंतोजी, ज्यांनी कल्याणच्या सहजानंदांचा उपदेश घेतला, त्यांनी तर 'पंचीकरण' या रचनेत वेदान्ताच्या आणि इस्लामच्या संज्ञा शेजारी शेजारी ठेवून त्यांचा मेळ घालण्याचा यत्न केला. म्हणजे श्वासाचे तंत्र आणि परिभाषा यांची ये-जा मोकळेपणाने झाली. महत्तेची कल्पना मात्र ज्या मापात कुरआनात आहे त्याच मापात राहिली. श्वास मोजणाऱ्या योग्याला शेवटी आपणच ते ब्रह्म, असा अनुभव यावा अशी अपेक्षा असते. चरखा फिरवणाऱ्या बहिणीने चोवीस हजार धागे मोजल्यावर ते सूत स्वतःजवळ ठेवायचे नाही, पीराच्या हाती द्यायचे आहे. 'फना'विषयी, म्हणजे स्वतःचे भान ईश्वरात विरून जाण्याविषयी, बोलणारे सूफीही बहुधा तिथे थांबले नाहीत. त्यांनी पुढे 'बका' ही पायरी मानली, जिच्यात साधक भानावर येतो, लोकांत परततो, आणि पुढच्या नमाजाला इतरांच्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभा राहतो.